हो म्हणून न गेलेला मुलगा

आजचं वाचन: मत्तय 21:28-32 आणि मत्तय 5:23-24



आजचा पहिला उतारा फक्त पाच वचनांचा आहे. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी तो ऐकलाय, म्हणूनच बहुतेक आपण तो भरभर वाचून पुढे जातो. एका माणसाला दोन मुलं असतात. तो पहिल्याला सांगतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. पहिला तोंडावर नाही म्हणतो, पण मागाहून त्याचं मन पालटतं आणि तो जातो. बाप दुसऱ्यालाही तेच सांगतो. दुसरा आदराने हो म्हणतो आणि जात नाही. येशू विचारतो, दोघांपैकी बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं?

ऐकणारे साधे लोक नव्हते. मंदिरात मुख्य याजक आणि लोकांचे वडील येशूला अडवून विचारत होते की तू हे कोणत्या अधिकाराने करतोस. त्यांनी या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं: पहिल्याने. उत्तर बरोबर होतं. आणि त्याच उत्तरात ते सापडले, कारण येशूने त्यांना सरळ सांगितलं की जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात चालले आहेत. योहानाचं ऐकून ते लोक बदलले होते, याजक मात्र सगळं डोळ्यांनी बघून जागचे हलले नव्हते.

मूळ ग्रीकमध्ये दुसऱ्या मुलाचं उत्तर दोनच शब्दांचं आहे. पहिला शब्द ‘मी’. दुसरा ‘कुरिये’, म्हणजे साहेब, महाराज, आणि प्रभूसुद्धा. प्रार्थनेत आपण येशूला ज्या शब्दाने हाक मारतो तोच. ‘जातो’ हे क्रियापद त्याच्या उत्तरात नाहीच, भाषांतर करणाऱ्याला ते पदरचं घालावं लागतं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही विशेष नाही, ग्रीकमध्ये असं चालतं. पण ते क्रियापद नसणं मला फार ओळखीचं वाटतं.

आमच्या टीममध्ये रोज सकाळी दहाला स्टँडअप असतो. काल काय केलं, आज काय करणार, एवढंच सांगायचं. ‘हो, आज घेतो ते’ असं म्हणून बोर्डावरचं तिकीट ‘इन प्रोग्रेस’मध्ये सरकवलं की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. मॅनेजर खूश, मी खूश, आणि तिकीट तिथेच तीन आठवडे. यात मी खोटं बोललेलो नसतो. हो म्हणताना मला खरंच करायचं असतं. दुसऱ्या मुलालाही कदाचित खरंच जायचं होतं.

या वर्षी लेंटमध्ये मी ठरवलं की चाळीस दिवस पहाटे पाचला उठून प्रार्थना करायची. विषय एक होता. ऑफिसमधून म्युनिकला जाण्याबद्दल विचारलं होतं, किमान तीन वर्षांसाठी. पगार चांगला, पण मुलगी लहान, बायकोची नोकरी इथे. तेव्हा देवाची इच्छा काय, हे मला हवं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जण मला मेसेज करून हाच प्रश्न विचारता: ही नोकरी घेऊ का, या मुलाला हो म्हणू का, मास्टर्सला जाऊ का, देवाची इच्छा ओळखायची कशी? मी तुम्हाला मोठमोठी उत्तरं पाठवली आहेत. वचन वाचा, पवित्र आत्म्याला विचारा, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्या, दारं उघडतात का बघा. त्यातलं काही चुकीचं नाही. फक्त ती उत्तरं देणाऱ्या माणसाबद्दल पुढे वाचा.

सोळाव्या किंवा सतराव्या दिवशी वाचनात मत्तय 5 आला. वेदीजवळ अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग परत ये. मी हे वचन शेकडो वेळा वाचलं असेन, आणि नेहमी उलटं वाचलं. माझ्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर मी त्याला क्षमा करावी, असं. ते काम खुर्चीत बसून, डोळे मिटून करता येतं. पण या वचनात माझ्या तक्रारीचा विषयच नाही. प्रश्न त्याच्या तक्रारीचा आहे. आणि त्याच्या तक्रारीचं खुर्चीत बसून काही करता येत नाही.

येशू हे बोलला तेव्हा तो गालीलात होता. वेदी होती यरुशलेमेत, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, पायी काही दिवसांची वाट. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. एवढं चालून आलाय, गर्दीतून पुढे सरकलाय, कोकरू हातात आहे, आणि आता सांगतात की ते इथेच सोड आणि घरी जा. पुन्हा गालील, पुन्हा यरुशलेम. तोवर कोकराला चारा कोण घालणार? ऐकणाऱ्यांत कोळी होते, शेतकरी होते, त्यांच्या डोक्यात हा हिशोब लगेच आला असणार. काही जण हसलेही असतील.

माझा भाऊ नगर जिल्ह्यात असतो. पुणे ते नगर साधारण 120 किलोमीटर, वाघोलीत अडकलो नाही तर एसटीने तीन तास. मी सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या शहराबद्दल रोज पहाटे देवाला विचारत होतो, आणि दादाशी दोन वर्षं बोललो नव्हतो.

झालं असं होतं. पप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि ते सात महिने अंथरुणाला खिळून होते. दादा गावी, थोडी शेती आणि दोन गाई. मी दर महिन्याला पैसे पाठवायचो, एकही महिना चुकवला नाही. जमेल तेव्हा शनिवार-रविवार जायचो. पप्पा प्रभूकडे गेले, स्मरणाची उपासना झाली, आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी दादाला एक शीट पाठवली. सात महिन्यांत मी पाठवलेली रक्कम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दवाखाना, औषधं, फिजिओथेरपी, अँब्युलन्स, प्रत्येकाची वेगळी ओळ, व्हॉट्सअॅपवर मला जेवढी बिलं आली होती त्यांवरून. बेरीज जुळत नव्हती. जिथे जुळत नव्हती त्या ओळी मी पिवळ्या केल्या. घर दोघांच्या नावावर व्हायचं होतं, एकदा हिशोब स्वच्छ झालेला बरा, असं माझं म्हणणं. आणि आकडे बरोबर होते. ते आजही बरोबर आहेत.

दादाचं उत्तर आलं नाही. फोन घेणं बंद झालं. मग मीही करणं बंद केलं. पहिल्या नाताळला मी रिलीजचं कारण सांगितलं, दुसऱ्या नाताळला सासरी गेलो.

त्या दिवशी मत्तय 5 वाचून झाल्यावर मी काय केलं ते सांगतो. मी दादाला व्हॉट्सअॅपवर एक चित्र पाठवलं. सूर्योदय, फुलं, खाली शांतीबद्दलचं वचन. दोन निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही. मी प्रार्थनेत म्हणालो, प्रभू, माझ्याकडून मी केलं. आता म्युनिकचं सांग.

1 शमुवेल 15 मध्ये शौल राजा असंच म्हणतो. अमालेक्यांचं काहीही राखायचं नाही असं त्याला सांगितलेलं असतं. (तो अध्याय कठीण आहे. त्या युद्धाबद्दल मला स्वतःला पडलेले प्रश्न आज इथे मावणार नाहीत, ते टाळतोय असं समजू नका.) शौल उत्तम मेंढरं आणि गुरं मागे ठेवतो, आणि शमुवेल आल्यावर स्वतःच पुढे होऊन सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? शौलाकडे त्याचंही उत्तर तयार असतं: ती यज्ञासाठी राखली आहेत. मला या उत्तराची भीती वाटते. न ऐकलेली आज्ञा त्याने सरळ उपासनेत बसवली. माझी पहाट पाचची प्रार्थना ही माझी मेंढरं होती, आणि ती सोळा दिवस ओरडत होती.

बायकोने विचारलं, मग जात का नाहीस? मी तिला जे सांगितलं ते मला तेव्हा फार प्रामाणिक वाटलं होतं. म्हटलं, माझं चुकलं असं मला आतून वाटतच नाहीये. आकडे बरोबर होते. न वाटता जाऊन माफी मागितली तर ते ढोंग होईल. ती म्हणाली, ‘रोज पहाटे पाचला उठावं असं तुला आतून वाटतं का?’

आपल्या पिढीला हा प्रश्न खरंच छळतो, म्हणून इथे जरा थांबू. जे वाटत नाही ते करू नये, नाहीतर आपण खोटे, असं आपण धरून चालतो. उपासनेला मन लागत नाही, म्हणून जात नाही. क्षमा करावीशी वाटत नाही, म्हणून वाट बघतो. येशूने ढोंगी हा शब्द वारंवार वापरला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नट. लोकांनी बघावं म्हणून चौकात प्रार्थना करणारा. पण मळ्यात गेलेल्या पहिल्या मुलाकडे बघा. तो नाही म्हणाला, म्हणजे त्याला जायचं नव्हतं हे अगदी प्रामाणिक होतं. मग त्याचं मन पालटलं. मळ्यात तो गाणी गात काम करत होता असं कुठे लिहिलेलं नाही. कुरकुरतही गेला असेल. येशू त्याला ढोंगी म्हणत नाही. त्या गोष्टीत ढोंगी कोणी असेल तर तो हो म्हणणारा आहे. न वाटता करणं वेगळं आणि न करता म्हणणं वेगळं, या दोघांत मी गल्लत केली होती, आणि गल्लत माझ्या सोयीची होती.

आपल्या मराठीत यासाठी चांगला शब्द आहे. ‘आज्ञापालन’ म्हटलं की शाळेची प्रार्थना आठवते, पण घरात तो शब्द कोणी वापरत नाही. घरात आई म्हणते, ‘हा माझं ऐकतच नाही.’ कानात दोष नसतो. ऐकणं म्हणजे कानावर पडणं आणि ऐकणं म्हणजे तसं करणं, दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद. इब्रीतही तसंच आहे. अनुवाद 6 मधली यहुद्यांची रोजची प्रार्थना जिला शेमा म्हणतात, तिच्या त्या पहिल्या शब्दात ऐकणं आणि मानणं दोन्ही येतं. ग्रीकमध्ये आज्ञा मानण्यासाठी जो शब्द आहे त्याच्याही पोटात ऐकण्याचा धातू आहे. तेव्हा ‘मी वचन ऐकलं पण केलं नाही’ हे वाक्य शास्त्राच्या भाषेत जवळजवळ बोलताच येत नाही.

तरी या शब्दाबद्दल तुमच्या मनात अढी असेल तर ती उगाच नाही. एक तर असं वाटतं की आज्ञा मानणारा म्हणजे यंत्र. मी रोज यंत्रांना आज्ञा देतो, ती निमूट पाळतात, आणि आजवर मी एकाही सर्व्हरला आज्ञाधारक म्हटलेलं नाही. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्या हो ला काय किंमत? म्हणूनच मला वाटतं त्या दाखल्यात बाप पहिल्या मुलाचं ‘नाही’ ऐकून घेतो. ओरडत नाही, हाकलत नाही, मागे माणूस पाठवत नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा म्हणून विनंती केली, आणि एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली. इब्री लोकांस पत्र 5:8 मध्ये लिहिलंय की तो पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञांकित व्हायला शिकला. शिकला, हा शब्द मला सोडत नाही. आधी वाटणं आणि मग करणं असा सोपा क्रम त्याच्याही वाट्याला आला नाही.

दुसरी अढी जास्त खरी आहे. आज्ञा पाळ असं सांगणारा देव क्वचित असतो, बहुतेक वेळा देवाच्या नावाने बोलणारा माणूस असतो. पंडिता रमाबाईंना हे पुरेपूर माहीत होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे लांबलचक वाद झाले. ते पत्रव्यवहार आज छापलेले आहेत. रमाबाईंनी नम्र व्हावं, चर्चच्या वरिष्ठांचं मानावं, असा त्या बाईंचा आग्रह. रमाबाई म्हणायच्या की मी ख्रिस्ताला मानलंय, बिशपांच्या अधिकाराखातर एखादं मत पटल्याशिवाय स्वीकारणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत त्या भांडल्या. त्या बाईंच्या लेखी रमाबाई हट्टी ठरल्या. आणि हीच हट्टी बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मरणाऱ्या मुलींना घेऊन आली. स्वतःचे आईवडील आणि बहीण तिने दुष्काळातच गमावले होते. तिथे काय बघावं लागणार हे तिला कोणी सांगायला नको होतं. केडगावचं मुक्ती मिशन त्या मुलींमुळे उभं राहिलं. माणसांपुढे न वाकणं आणि देवाचं ऐकणं ही एकाच बाईत राहू शकतात. प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये पेत्र हेच तर सांगतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मत्तय 5 चा गैरवापर मी डोळ्यांनी पाहिलाय. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘जा, समेट कर, देवाची आज्ञा आहे’ म्हणून परत पाठवतात. वचन पुन्हा वाचा. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे, त्याला उठायला सांगितलंय. म्हणजे ज्याने दुखावलं त्याने चालत जायचं आहे. ज्याला मार बसला त्याला कोणी चालायला लावलेलं नाही.

चालायचं मला होतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी मी एसटीने गेलो. फोन केला नाही, कारण तो घेतला गेला नसता, आणि मग मला परत फिरायला कारण मिळालं असतं. वाटेत सुपे येईपर्यंत वाक्यं जुळवत होतो. ‘दादा, आकडे बरोबर असतील पण पद्धत चुकली.’ खरं सांगायचं तर हे वाक्य माफीचं नाही, रिव्ह्यूमध्ये दिलेली कमेंट आहे. पण यापेक्षा जास्त मला काही वाटत नव्हतं, आणि जेवढं होतं तेवढं घेऊन मी चाललो होतो.

दादा घरी नव्हता, डेअरीवर दूध घालायला गेला होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. ‘या भाऊजी,’ म्हणाल्या, पाणी दिलं आणि पुन्हा ताट घेऊन बसल्या. मी बराच वेळ गप्प होतो. मग म्हटलं, ‘वहिनी, ती शीट मी पाठवली होती...’

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘त्यात तुम्ही केअरटेकर लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.’

मला ती ओळ आठवायला वेळ लागला. पप्पांना घरी आणलं त्या आठवड्यात दादा फोनवर म्हणाला होता की एक माणूस ठेवलाय, महिन्याला इतके घेतो. मी तेवढे धरून पाठवत गेलो. त्याचं बिल कधी आलं नाही, म्हणून रकमेपुढे प्रश्नचिन्ह. पिवळं.

‘तो माणूस आठ दिवसांत निघून गेला, भाऊजी. घाण काढायला लागते म्हणून. पुढे मीच केलं सगळं.’ दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. चमच्याने भरवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. सात महिने. त्या माणसाचे पैसे डायपर आणि हवेच्या गादीत गेले, त्याची पावती कोणी सांभाळली नाही. शीट आली तेव्हा दादाला तो इंग्रजी शब्द नीट कळला नाही, म्हणून त्याने फोन वहिनींच्या हातात दिला आणि विचारलं, हे काय लिहिलंय गं?

‘मला पैसे नको होते,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण तिथे प्रश्नचिन्ह...’ आणि त्या तांदळातले खडे काढत राहिल्या.

दोन वर्षं मी समजत होतो की दादाला हिशोब मागितल्याचा राग आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. हे मला माहीतच नव्हतं. पुण्यात बसून मी कितीही प्रार्थना केली असती, आतून वाटण्याची कितीही वाट बघितली असती, तरी ते कळलं नसतं, कारण ते माझ्या आत नव्हतंच. ते तिथे, त्या स्वयंपाकघरात होतं. योहान 7:17 मध्ये येशू म्हणतो की जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार होतो त्याला शिकवण कोणाकडून आहे ते कळेल. मी हे वचन इतकी वर्षं बुद्धिवादी मित्रांशी वाद घालायला वापरलं.

एसटीत जुळवलेली वाक्यं दादासाठी होती, ती काही कामाला आली नाहीत. जे बोललो ते तुटक होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादा कॅन घेऊन आला, मला बघून दारातच थांबला. ‘कधी आलास?’ मग हात धुताना, ‘जेवलास का?’ त्या रात्री एवढंच. सकाळी आम्ही तिघं एकत्र चर्चला गेलो. मुलं झावळ्या घेऊन पुढे, दादा नेहमीच्या शेवटच्या बाकावर, मी त्याच्या शेजारी. समेट झाला का म्हणाल तर दादा अजून मोकळं बोललेला नाही. फोन घेतो, गाईचं सांगतो, पावसाचं सांगतो. मधे एकदा मुलीला घेऊन ये म्हणाला.

म्युनिकचं विचारू नका. त्याबद्दल मला काहीच ऐकू आलेलं नाही, आणि उत्तर द्यायची मुदत या महिनाअखेरीला आहे.

परत आल्यावर मी ती शीट उघडली. डिलीट करणार होतो, पण ते पुन्हा माझ्याच सोयीचं झालं असतं. केअरटेकर हा शब्द खोडून तिथे वहिनींचं नाव लिहिलं आणि प्रश्नचिन्ह काढलं. रकमेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही. तो रिकामा आहे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, दादाच्या मनात अजून जे आहे ते त्याला बोलता येऊ दे, आणि ते ऐकायला मला पुन्हा गावी पाठव. वहिनींची कंबर त्या सात महिन्यांपासून दुखते, तिला तू स्पर्श कर. हे वाचताना ज्याला कोणाचा तरी चेहरा आठवला असेल, त्याला तिकीट काढायला मदत कर. आमेन.